गायरानावरचा जाळपट्टा

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण गवताच्या एका आगीनं मला जेवढं छळलं तेवढं कशानंच नाही.

गडहिंग्लजच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावाचं डोंगरउतारावर मोठं गायरान होतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथं म्हशी चरायच्या. पुढे उघडा डोंगर हिरवा करायचा म्हणून एका संस्थेनं त्यातल्या बऱ्याच भागात रोपं लावली, तारेचं कुंपण घातलं आणि आत चराई, गवतकापणी सगळं बंद केलं. हेतू वाईट नव्हता. गाव मात्र दुभंगलं. जनावरंवाले एकीकडं, झाडंवाले एकीकडं. ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या तेव्हा बंदोबस्ताला मीच होतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात भर दुपारी अख्खी लागवड जळाली. संस्थेच्या राखणदारानं फिर्याद दिली, गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला. संशय अर्थातच जनावरंवाल्यांवर. दोन दिवस चौकशी केली, सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. तिसऱ्या दिवशी डेअरीत दूध घालायला आलेल्या एकानं आमच्या हवालदाराच्या कानावर घातलं, "त्या म्हाताऱ्याचं दोन्ही हात भाजल्यात. दवाखान्यात बी गेला न्हाय." म्हातारा म्हणजे चार म्हशींवर घर चालवणारा, ग्रामसभेत कुंपणाविरुद्ध सर्वांत मोठ्यानं ओरडलेला. आम्हाला आणखी काय हवं होतं?

त्याला ठाण्यात आणलं, चहा दिला. दोन्ही मनगटांत कप धरून तो प्यायला.

"आजोबा, आग कुणी लावली?"

"म्याच लावली की."

इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. "का?"

"झाडं वाचवाय."

हवालदार हसला. म्हातारा भडकला. "हसतासा काय! कापणी बंद केली, गवत कमरंइतकं वाढलं. एक ठिणगी पडली तर डोंगूर ऱ्हातोय व्हय? आदी दरसाली सारा गाव मिळून कडंचं गवत जाळून पट्टा काडायचा, म्हंजी आग आत शिरत न्हाय. औंदा दारोदार फिरलो. जनावरंवालं म्हनलं, जळू दे. झाडंवालं म्हनलं, संस्था बघंल. मग एकटाच गेलतो. वारं फिरलं."

"पण तुम्ही तर झाडांच्या विरोधात होता."

"कुंपनाच्या इरोधात हुतो, सायेब. झाडानं माझं काय वाकडं केलंय?"

मी पंचनामा काढून पुन्हा वाचला. कुंपणालगत सरळ कडेचा जळका पट्टा, शेजारी पाण्याच्या दोन घागरी, आणि आग झोडपून विझवायच्या ओल्या फांद्या, टोकं करपलेल्या. सगळं माझ्याच माणसांनी लिहिलं होतं. विचार कुणी केला नव्हता. डोंगर पेटवायला निघालेला माणूस पाणी घेऊन जात नाही.

खरं कळलं होतं. तरी दोषारोपपत्र मी जाणूनबुजून आग लावल्याचंच पाठवलं. वरून तगादा होता आणि म्हातारा आरोपी म्हणून गावातल्या दोन्ही बाजूंना चालत होता: झाडंवाल्यांना गुन्हेगार मिळत होता, बाकीच्या जनावरंवाल्यांवरचा संशय टळत होता. कोर्ट बघून घेईल, अशी मनाची समजूत घातली. कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं, पण कित्येक वर्षांनी. तोवर कुंपणाबाहेर उरलेल्या गायरानातही पाय ठेवायचा नाही या जामिनाच्या अटीपायी चाऱ्याविना त्याच्या म्हशी विकाव्या लागल्या होत्या. सुटल्यावर वर्षभरात तोही गेला.

तपास म्हणजे आरोपी शोधणं, एवढंच मी समजत होतो. आपण कुणाला बेड्या घालतो ते सगळं गाव बघत असतं आणि त्यातून शिकत असतं, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी त्या गावी गेलो. नव्यानं लावलेली झाडं डोक्याइतकी झाली होती, आणि खालच्या अंगाला गवतातून धूर निघत होता. मांडवाबाहेर पंधरा-वीस माणसं नुसती उभी होती.

"अहो, बघताय काय? विझवायला जा की!" मी ओरडलो.

एक जण पान चघळत शांतपणे म्हणाला, "कोन जातंय, सायेब? मागं एकजन गेलता. त्येचं काय केलंसा, तुमाला ठावं हाय की."