एक चेहरा, दोन हजेऱ्या

धाकटी आणि मी जुळ्या. मी जरा आधी आले म्हणून थोरली, एरवी आमच्यात वेगळं दाखवण्यासारखं फारसं काही नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी ओळखू यावं म्हणून धाकटीला लाल फीत बांधून यायला सांगितलं होतं. ती दुसऱ्या दिवशी फीत न बांधताच गेली. गुरुजींनी विचारल्यावर म्हणाली, "तिले काऊन नाई सांगितलं?" गुरुजींनी फितीचा नाद सोडला आणि वर्षभर आम्हाला एकमेकींच्या नावाने हाका मारत राहिले.

आमचे माय-बाप दुसऱ्यांच्या कापसात राबले, पण आम्ही दोघींनी शिकायचंच, हे बापाने ठरवून टाकलं होतं. आम्ही मास्तरणी झालो, त्याही एकाच संस्थेत. संस्था खाजगी, आदिलाबादकडच्या सीमेवरच्या खेड्यांत मराठी शाळा चालवणारी. मला तलमडुगुकडचं गाव मिळालं, धाकटीला वांकिडीकडचं. मधला रस्ता असा की भेटायला जायचं तर बसमध्येच दिवस जातो.

दोन वर्षांपूर्वी संस्थेने हजेरी मोबाइलवर आणली. सकाळी शाळेत पोचलं की फोन तोंडासमोर धरायचा, डोळे मिचकावायचे, हिरवी खूण आली की हजेरी लागली. पहिले काही महिने काहीच अडचण आली नाही. मग ते ॲप सुधारलं. आता ते सगळ्यांचे चेहरे एकमेकांशी ताडून बघतं, असं सांगण्यात आलं. एका सकाळी मी फोन समोर धरला आणि लाल अक्षरं आली: हा चेहरा दुसऱ्या नावावर आधीच नोंदलेला आहे. मी चेहरा पुसला, पदर सारखा केला, उजेडात जाऊन उभी राहिले. तेच. तेवढ्यात धाकटीचा फोन आला.

"तुले पण लाल आलं का?"

"आलं."

"मंग बरं झालं. मले वाटलं माह्यातच काही बिघडलं."

ती हसली. मीही हसले. आठवड्याभरात दोघींना कागद आला, तेव्हा हसू गेलं. एकच बाई दोन नावांनी नोकरी करत असल्याचा संशय आहे, खुलासा करा, तोवर दोघींची गैरहजेरी धरली जाईल.

आम्ही शाळेत जात राहिलो. कपाटातलं जुनं हजेरीपुस्तक काढलं, धूळ झटकली आणि त्यात सही करायला लागलो. ते आम्ही आपसात ठरवलंही नव्हतं. मी इकडे केलं, तिनेही तिकडे तेच केलं.

खुलासा द्यायला आम्ही दोघी आदिलाबादला संस्थेच्या कचेरीत गेलो. आदल्या दिवशी धाकटी माझ्याकडे मुक्कामाला आली होती. सकाळी तिने माझ्या पेटीतून निळ्या रंगाच्या दोन साड्या काढल्या. आतेबहिणीच्या लग्नात दोघींना सारख्याच मिळालेल्या, तिची माझ्याकडेच राहिली होती.

मी म्हटलं, "असं कशाला? उगा चिडतील ते."

"चिडू दे. आपण काई चोरी करून नाई राह्यलो."

मग मी तिच्यासारखाच भांग पाडला.

कचेरीत शिरलो तर टंकलेखन करणारी मुलगी हात थांबवून बघत राहिली. शिपायाने पाणी दिलं ते एकीलाच, दुसरी दिसलीच नाही त्याला. आतल्या खोलीत साहेब, म्हणजे संस्थेचे व्यवस्थापक, आणि फोनचं काम बघणारा एक तंत्रज्ञ असे दोघे बसले होते. साहेब आमच्याशी हिंदीत बोलायला लागले. बॉर्डरवरच्या बायकांना तेलुगू येत नसेल असं त्यांना वाटलं असावं. धाकटीने तेलुगूत उत्तर दिलं आणि मग सगळं बोलणं तेलुगूतच झालं.

साहेबांनी तंत्रज्ञाला फोन माझ्यासमोर धरायला सांगितला. पडद्यावर धाकटीचं नाव आलं. तिच्यासमोर धरला, माझं आलं.

"बघा," साहेब म्हणाले. "यंत्र खोटं बोलत नाही."

मी विचारलं, "साहेब, तुमच्यासमोर बाया किती बसल्या आहेत?"

"प्रश्न तो नाही, मॅडम."

"मग कोणता आहे? तलमडुगुला आणि वांकिडीला एकाच सकाळी एक बाई पोचेल कशी?"

"लोक फोटो दाखवून हजेरी लावतात. दुसऱ्याकडून लावून घेतात. आम्ही बघितलंय हे."

"आता तर आम्हाला बघताय ना," धाकटी म्हणाली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त हे प्रकरण टेबलावरून हलवायचं होतं. त्यांनी तोड सुचवली. एकीने केस बारीक कापावेत आणि जाड काड्यांचा चष्मा लावावा, मग पुन्हा फोटो नोंदवू. सोबत एक माफीपत्र द्यावं, की आमच्या सारखेपणामुळे संस्थेला त्रास झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कागद तयारच होता. त्यांनी पेनसुद्धा पुढे केलं.

खरं सांगते, माझा हात पेनाकडे गेला. घरी म्हातारी माय, हातातली नोकरी, आणि दिलगीर म्हटल्याने अंगाला काही भोकं पडत नाहीत, असं मनात आलं. धाकटीने कागद उलटा करून ठेवला. हलक्या आवाजात, आपल्या बोलीत मला म्हणाली, "आपण जन्माले आलो म्हणून माफी मागून राह्यली का तू?"

मी हात मागे घेतला. साहेबांना सांगितलं, की चेहरा आमचा आहे, यंत्र तुमचं आहे, तर दुरुस्ती यंत्रात करा. आम्ही उठलो. बाहेर बसस्टँडवर आम्ही गरम भजी खाल्ली आणि धाकटी एकाएकी रडायला लागली. लोक बघत होते. तिला मी रडू दिलं.

त्या तंत्रज्ञाने आमची गोष्ट पुढे कोणाला तरी सांगितली असावी. पावसाळा सरता सरता हैदराबादहून एक संशोधक बाई माझ्या घरी आल्या. चेहरा आणि डोळे ओळखणाऱ्या यंत्रांवर त्या काम करत होत्या, आणि जुळ्यांचा अभ्यास हा त्यांचा खास विषय होता. धाकटी सुट्टीत आलेली होती. आम्ही ज्वारीची भाकर आणि भाजी वाढली. त्यांनी पोटभर खाल्लं आणि मायला समजेल असं सोप्या हिंदीत सांगितलं. यंत्र चेहऱ्याची मापं घेऊन त्यांचे आकडे करतं. जुळ्यांचे आकडे इतके जवळ पडतात की ते गडबडतं. आता नवं संशोधन चाललंय त्यात कातडीवरच्या बारीक रेषा, तीळ, कानाची ठेवण हेही बघतात. आणि डोळ्यातल्या बुबुळावरची जाळी तर जुळ्यांचीही सारखी नसते. पोटात असतानाच ज्याची त्याची वेगळी होते.

माय म्हणाली, "मंग मी म्हणतच होती ना, दोघींचे डोळे येगळे हायेत."

बाईंनी डोळ्याजवळ धरायचा छोटा कॅमेरा काढला. मला उत्सुकता होती. मी बसले. माझं बुबुळ त्यांच्या लॅपटॉपवर मोठं होऊन दिसलं, तपकिरी, पिंजलेल्या कापसासारख्या तंतूंचं. माझ्या अंगात असं काही आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी कितीतरी वेळ बघत राहिले.

धाकटी बसली नाही.

"मले नाई द्यायचे डोळे."

संशोधक बाई म्हणाल्या, "तुमच्या दोघींचे मिळाले तर यंत्र सुधारायला मदत होईल. पुढे अशा कोणाला त्रास होणार नाही."

"चोर आमाले त्यायनं म्हटलं, आणि आमी चोर नाई हे सिद्ध कराले डोळे बी आमीच द्यायचे?"

मी मराठीतून तिला समजावलं. बाई चांगल्या आहेत, एवढ्या लांबून आल्या आहेत, काम चांगलं आहे. ती म्हणाली, "तू दे ना. तुले कोण अडवून राह्यलं? माह्ये मी नाई देत." त्यावरून आमची जुंपली. आम्ही बहिणी एवढ्या कधी भांडलो नव्हतो. मी तिला हट्टी म्हटलं, ती मला पुढे-पुढे करणारी म्हणाली. माय ताटं उचलून आत गेली.

संशोधक बाईंनीच ते थांबवलं. त्या म्हणाल्या, "नाही म्हणायचा हक्क यांना आहे. मी तसं लेखी देऊनच नमुने घेते." जाताना त्यांनी स्वतःहून विचारलं, संस्थेला कळवू का, की चेहऱ्यावरून जुळ्यांत फरक न करता येणं ही या यंत्रांची माहीत असलेली मर्यादा आहे. आमच्या क्षेत्रात यात लपवण्यासारखं काही नाही, असंही म्हणाल्या. बदल्यात काही मागितलं नाही. धाकटी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेली. डोळे मात्र दिले नाहीतच.

त्यांचं पत्र गेलं आणि संस्थेने आमच्यावरचा संशय मागे घेतला. गैरहजेरी काढून टाकली. आदेशात मात्र लिहिलं होतं, 'संबंधितांच्या सारखेपणामुळे उद्भवलेला गोंधळ.' मी तो कागद घडी करून ठेवून दिला. धाकटीने तिचा परत पाठवला. गोंधळ ॲपमुळे झाला, तसं लिहा, म्हणून. तिला उत्तर आलं नाही, तिने पुन्हा पाठवला. पुन्हा आलं नाही, ती स्वतः कचेरीत जाऊन बसली. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला दुरुस्त आदेश मिळाला. तो पाहिल्यावर मीही माझा बदलून घेतला. तिचं आधी ऐकायला हवं होतं, असं मी तिला अजून म्हटलेलं नाही. तिला ते कळलेलं आहे.

आता आमच्या दोघींच्या शाळांत बुबुळ बघणारं छोटं यंत्र आलंय. मी त्याच्यावर हजेरी लावते, आणि ते मला बरोबर ओळखतं. धाकटी कागदावर सही करते. संस्थेने तिला तशी लेखी मुभा दिली आहे, आणि तिच्या शाळेतल्या आणखी दोघीजणींनी ती मागून घेतली.

साहेब अधूनमधून फोन करतात. आमचा आवाजही एकच, त्यामुळे आधी विचारतात, "कोण बोलताय, थोरल्या की धाकट्या?" मी सांगते. धाकटी म्हणते, "काम काय ते सांगा, साहेब."