तुकड्याची मागची बाजू

विमा विकण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे रविवारी पाळकसाहेब चर्चमध्ये म्हणाले, "देवाचं प्रेम विनाअट आहे," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. विनाअट म्हटलं की मी आधी कागद उलटतो. बारीक अक्षरं मागेच असतात.

प्रभुभोजन सुरू झालं. आमच्याकडे एकेका बाकावरची माणसं उठून वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकतात आणि प्रभूच्या नावानं मिळणाऱ्या भाकरीच्या तुकड्यासाठी हात पुढे करतात. पुढच्या बाकावरची रूथमावशी गेली. तिच्या डोळ्याखालचा काळानिळा डाग अजून पुसला नव्हता. तो तिच्या मुलानं, योहाननं, दारूच्या नशेत दिलेला. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि मागोमाग योहानच आला. कठड्याशी जागा नव्हती. आता जाईल परत, असं मला वाटलं. पण मावशी सरकली. दोघांच्या तळहातावर भाकरीचा सारखाच तुकडा पडला.

मला रागच आला. असं कसं सारखं? कुठेतरी अट असणारच. खरं सांगायचं तर मला ती हवीच होती, निदान योहानपुरती.

मावशी जागेवर येऊन बसली तसा मी पुढे वाकून कुजबुजलो, "जागा कशाला दिलीस त्याला?"

"अरे, गुडघे टेकायचे तर माणसाला जागा नको का?"

मग आमच्या बाकाची पाळी आली. मी हात पुढे केला. पाळकसाहेब तुकडा ठेवून पुढे सरकले, आणि मी सवयीनं तो हळूच उलटून पाहिला.

मागूनही कोराच होता.