पिवळ्या दिव्यांचा फिल्टर

दुर्बिणीच्या आयपीसला डोळा लावण्याआधी काका चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि मागे वळून बजावायचे, "दिसेल तेवढंच सांगायचं हं, मॅडम." शनीची कडी न दिसताच 'वा, वा' करणाऱ्या पाहुण्यांना त्यांच्याकडे माफी नव्हती.

करंजाड्यातल्या आमच्या रो-हाउसच्या रांगेत त्यांचं आणि काकूंचं घर माझ्या शेजारचं. मध्ये कमरेएवढी भिंत. चाळिशी उलटल्यावर मी हौसेनं छोटी दुर्बीण घेऊन परसात मांडली, तेव्हा भिंतीपलीकडून पहिला प्रश्न आला, "आयपीस कुठले दिलेत?" मी मोठ्या अभिमानानं चार मिलिमीटरचा दाखवला. त्यातून चंद्र उकळत्या पाण्यातल्या अंड्यासारखा दिसत होता. "आकडा लहान, चित्र मोठं, आणि तेवढंच अंधुक," ते म्हणाले. "पंचवीसचा लावा. दुर्बिणीला झेपेल तेवढंच मागावं." पंचवीसच्यातून चंद्रावरचे खड्डे असे लख्ख उमटले की गॅसवरची आमटी करपली तरी मला पत्ता नाही.

माझ्या दुर्बिणीच्या खोक्यात एक काळी चकती होती, आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर. काकांनी ती न विचारता उचलली, पायरीवर ठेवली आणि वरवंट्यानं तिचा चुरा केला. "उन्हानं तडकली की डोळा गेला. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लावतात, डोळ्याशी नाही!" भिंगांच्या बाबतीत हा माणूस सांगेल ते मी डोळे मिटून मानायचे.

मागच्या गल्लीत तेव्हा पिवळे दिवे होते. त्यांचा उजेड अडवणारा एक फिल्टर काकांकडे होता. तसाच मीही घेऊ का, असं विचारलं तर म्हणाले, "कशाला? उद्या पांढरे एलईडी येतील. त्यांच्यापुढे याचं काही चालत नाही."

आलेच. सोसायटीनं आमच्या परसांमागच्या खांबावर मोठा पांढरा दिवा लावायचं ठरवलं. दिव्याला निदान वरून झाकण बसवा, असा अर्ज मी लिहिला. काकांनी त्यातलं एक वाक्य सुधारून दिलं आणि मीटिंगमध्ये बोलायचं कबूल केलं. रविवारी सकाळी ते उठले आणि म्हणाले, "दिवा हवाच. आणि झाकण नको." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पटापट हात वर झाले, विषय संपला.

दिवा लागला त्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून आपला फिल्टर माझ्या हातात दिला. "हा लावा, मॅडम. दिवा आहे हे जाणवणारसुद्धा नाही."

दिव्याचं सोडा हो, माणसाचं मत बदलतं. पण फिल्टरबद्दल खोटं? तेही मला? माझा असा विश्वासघात आजवर कोणी केला नव्हता. मी बोलणंच टाकलं.

महिन्याभरानं ऑफिसातून येत होते, सातचा सुमार. त्या खांबाखाली काकू उभ्या, ठेवणीतली साडी, खांद्याला पिशवी. "आपट्याची गाडी गेली काय? आय वाट बगत आसंल." आपटा त्यांचं माहेर. आई कधीच गेलेली. मला त्यांनी ओळखलं नव्हतं.

तेवढ्यात काका अनवाणी धावत आले. "चल, पुढच्या गाडीनं जाऊ," म्हणत त्यांनी काकूंना हाताला धरून मागच्या दारानं आत नेलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

अंधारात काकू सापडत नसणार, म्हणून दिवा; उजेड लांबवर पडावा, म्हणून झाकण नको. हे त्यांनी सगळ्यांपासून लपवलं, माझ्यापासूनही. एक शब्द बोलले असते तर अर्ज फाडून तो दिवा मीच मागितला असता. कितीतरी संध्याकाळी दुर्बिणीपाशी शेजारी उभं राहूनही तेवढाही माझा भरवसा वाटू नये?

दुसऱ्या दिवशी हेच तोंडावर विचारायचं म्हणून भिंतीशी गेले. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "मग? उपयोग झाला ना फिल्टरचा?"

फिल्टर मी डबीतून काढलासुद्धा नव्हता.

"झाला की," मी म्हटलं. "छान दिसतं आता सगळं."

काका मान हलवून आत गेले. पंधरा दिवसांत दोघं मुलीकडे पुण्याला निघून गेले, न सांगता. दिवा रोज सातला लागतो. त्यांच्या मागच्या दाराचं कुलूप माझ्या परसातून स्पष्ट दिसतं.