वसतिगृहामागचा उथळ खड्डा

सुनंदाबाई त्या वर्षी त्रेचाळीस वर्षांच्या होत्या आणि दिवसाच्या चौथ्या तासालाच त्यांचे पाय भरून यायचे. बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या हायस्कुलात त्या सतरा वर्षं विज्ञान शिकवत होत्या. नवं मध्य प्रदेश राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. पूर्वी कागद नागपूरला जायचे, आता भोपाळला. चार जुन्या राज्यांतल्या शिक्षकांची मिळून एकच यादी होत होती. त्या यादीत आपलं नाव कुठे पडलंय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पुस्तकं हिंदीत आली होती. खात्याची हिंदीची परीक्षा द्यायची होती. घरी राजपुऱ्यात नवऱ्याचा, श्रीकांतरावांचा, दमा होता. तहसिलीतली कारकुनी त्यांनी दम्यापायीच सोडली होती. त्यामुळे सकाळी त्यांचा काढा, स्वयंपाक, मग शाळेचे सहा तास, संध्याकाळी परत स्वयंपाक आणि त्यानंतर हिंदीचं व्याकरण, असा बाईंचा दिवस असे.

अशात मंगला त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. नववीतली, निंबोला गावची, केळीचा मळा असलेल्या देवरामची मुलगी. ती शाळेच्या वसतिगृहात राहायची.

"बाई, एक विचारू? वसतिगृहाच्या मागं दोन खड्डे आहेत ना, भांड्यांचं अन् न्हाणीचं पाणी टाकतात ते. कडुनिंबाखालचा लई वास मारतो. अन् उन्हातला हिरवागार झालाय, पण वासच नाही त्याला. पाणी तर एकच आहे. असं कसं?"

बाईंना उत्तर साधारण माहीत होतं. दोन वाक्यांत सांगून त्या मोकळ्या झाल्या असत्या. पण त्याच आठवड्यात खंडव्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं होतं आणि शाळेकडून काहीतरी पाठवणं भाग होतं. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं तर ते माझं उत्तर होईल. करून बघायची तयारी आहे?"

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, उगाच गळ्यात घेतलं.

गुरांच्या तीन जुन्या मातीच्या नांदा मिळाल्या. तिन्हींत वसतिगृहाचं सांडपाणी सारखंच ओतलं. पहिली नुसती सावलीत ठेवली. दुसरीत उन्हातल्या खड्ड्यातलं शेवाळ टाकलं आणि ती अंगणात उघडी ठेवली. तिसरीतही तेवढंच शेवाळ टाकलं, पण वर गोणपाट बांधून उजेड बंद केला. पाण्यात बदल होतोय हे नुसतं नाकानं ठरवून चालणार नव्हतं. बाईंना कॉलेजातली एक जुनी चाचणी आठवली. प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लूची एक बाटली पडून होती. गाळलेल्या पाण्यात त्या निळ्या रंगाचे चार थेंब टाकायचे, बूच घट्ट लावायचं आणि बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवायची. पाण्यात घाण उरली असेल तर ती प्राणवायू खाऊन टाकते आणि निळा रंग उडतो. पाणी सुधारलं असेल तर रंग टिकतो.

रोज सकाळी प्रार्थनेआधी मंगला कपाट उघडायची आणि वहीत लिहायची. अठराव्या दिवशी भरलेल्या बाटल्यांपैकी सावलीतल्या नांदेच्या पाण्याचा रंग एका रात्रीत गेला. झाकलेल्या नांदेचा दीड दिवसात गेला. उघड्या हिरव्या नांदेच्या पाण्याचा रंग पाचव्या दिवशीही तसाच होता.

"म्हणजे काम नुसत्या शेवाळाचं नाही," मंगला सावकाश म्हणाली. "उजेड पाहिजे. उजेडात ते प्राणवायू सोडतं, अन् मग पाण्यातले जंतू त्याच्यावर घाण खातात."

"हेच लिही," बाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं, पण ते नीट अनुभवायला वेळ नव्हता. तासाची घंटा झाली होती.

पुढच्या सोमवारी तपासणी होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ग्वाल्हेरकडून नव्यानेच आल्या होत्या. "पूरा अहाता चमकना चाहिए," सगळं आवार चकचकीत हवं, एवढंच त्यांनी शिपायाला, चुडामणला, सांगितलं आणि त्यानं ते वसतिगृहात झाडलोट करणाऱ्या मालूबाईला सांगितलं. रविवारी दुपारी मालूबाईनं तिन्ही नांदा उपड्या केल्या आणि राखेनं घासून भिंतीला ओळीनं लावून ठेवल्या.

सोमवारी मंगला त्या नांदांपुढे उकिडवी बसून रडत होती. मालूबाई बाजूला हातात फडकं घेऊन उभी.

"मले काय मालूम बाई, ते हिरवं पाळलेलं व्हतं?" ती म्हणाली. "मले वाटलं, घाण साचली. एवढं घासलं, पहा, खांदा भरून आला."

सुनंदाबाईंना राग आला नाही. उलट एक हलकेपणा वाटला आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. झालं, संपलं, आता खंडव्याला जायला नको, तक्ते नकोत. त्या घासलेल्या नांदेच्या काठावर टेकल्या. मालूबाईचे हात राखेनं पांढरे झाले होते. कडुनिंबाखालचा खड्डा भरला की आठवड्यातून दोनदा हीच बाई ते पाणी बादल्यांनी उपसून नाल्यापर्यंत नेऊन टाकायची, हे इतक्या वर्षांत त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"प्रदर्शनाला किती दिवस आहेत?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"मग परत भर नांदा. मिळेल तेवढं लिहू. आणि आजच्या तारखेला लिही, नांदा घासल्या गेल्या."

"असं कसं लिहायचं, बाई? हसतील ना सगळे."

"झालंय ते लिहायचं."

त्याच आठवड्यात चुडामणनं एक लिफाफा आणून दिला. सुनंदाबाईंची बदली शहडोलला झाली होती. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. घरी श्रीकांतरावांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"अगं, हे शहडोल आहे कुठे?"

"विंध्य प्रदेशात होतं. आता आपल्यातच आहे."

"अर्ज कर. माझ्या दम्याचं लिही."

"करते," त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या. अर्ज त्यांनी केला. हिंदीत लिहिलेला तो त्यांचा पहिला मोठा कागद. त्याचं उत्तर आलं नाही.

खंडव्याच्या गाडीत मंगलानं तक्त्यांची गुंडाळी मांडीवर धरली होती. चांदनी स्टेशन गेलं तरी ती 'काई, प्रकाश, प्राणवायु' असं पुटपुटत होती, कारण शेवाळाला काई म्हणण्यापासून सगळं हिंदीत सांगायचं होतं. बाईंना खिडकीशी डोकं टेकताच झोप लागली.

दुसऱ्या खेपेला उघड्या नांदेच्या पाण्याचा निळा रंग जेमतेम तीन दिवस टिकला होता. मंगलानं तेवढंच लिहिलं होतं. परीक्षकांतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी वही उघडली आणि नांदा घासल्याच्या तारखेपाशी ते थांबले.

"यह क्या है, बेटी?"

मंगलाचे कान लाल झाले. "सर, वो बर्तन धुल गये थे. सफाई में. हमने फिर से किया."

"और यह ढका हुआ क्यों रखा?"

"नहीं तो पता कैसे चलता कि काम काई का है या धूप का?"

त्यांनी मान हलवली, वही दोन्ही हातांनी परत दिली आणि पुढे गेले. पहिलं बक्षीस धरणाच्या एका देखाव्याला मिळालं. त्यात नळीतून खरंच पाणी पडत होतं. मंगलाला प्रमाणपत्रही मिळालं नाही. परतीच्या वाटेवर बाईंनी तिला समजावलं नाही. त्यांच्यात ताकदच नव्हती.

शाळा सोडायच्या आदल्या शनिवारी मात्र त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. तीन बाटल्या टेबलावर ठेवल्या, दोन पांढुरक्या आणि एक निळी, आणि आपल्या अडखळत्या हिंदीत सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी नुसतं विचारलं, "बदबू सचमुच चली जायेगी?"

"गड्ढा उथला रहे, उस पर छाया न पड़े और उजाला तले तक जाये, तो चली जायेगी."

कडुनिंबाखालचा खड्डा बुजवला. उन्हातला लांबरुंद केला, पण खोली हातभरच ठेवली. मालूबाईला काठावर उभं करून बाईंनी सांगितलं, "हिरवं दिसलं तर घासायचं नाही. काळं पडलं, वास आला, तर मंगलाला बोलवायचं."

"नाही घासत, बाई," मालूबाई म्हणाली. "अन् बादल्या?"

"आता लागणार नाहीत. वरचं निवळ पाणी पाटानं पेरूच्या झाडांना जाईल."

मालूबाईनं रिकामी बादली भिंतीशी उपडी ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही लई थकल्या दिसता. बसा ना जरा." बाई बसल्या. तिनं चहा करून आणला आणि दोघी पायरीवर तो प्यायल्या.

शहडोलला सुनंदाबाई चार वर्षं राहिल्या. श्रीकांतराव आपल्या बहिणीकडे राहिले आणि सुट्टीत भेटत गेले. मंगला मॅट्रिक झाली आणि निंबोल्यातच प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. वसतिगृहामागचा तो खड्डा पुढे बरीच वर्षं हिरवा राहिला. नगरपालिकेची गटार तिथवर आली तेव्हा तो बुजवला गेला, आणि तोवर मालूबाईला पाणी उपसावं लागलं नाही.