पिण्याच्या पाण्याची आंघोळ

निवृत्त झालो, घरात एकटा पडलो, म्हणून वेरूळची लेणी बघायला पुण्याहून निघालो. संभाजीनगरात मुकाट हॉटेलात उतरलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण नाही, आम्हाला ‘खरं शहर’ बघायचं होतं! हर्सूलला कमलमावशींची माडीवरची खोली घेतली. जवळच तलाव, म्हणजे पाण्याची चंगळ, एवढा माझा भूगोल पक्का.

मावशींनी “जय भीम” म्हणत दार उघडलं. दुसऱ्या दिवशी नातीचं नामकरण होतं, म्हणून त्या बाजाराला निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, “घर तुमचंच समजा.”

मी समजलो. न्हाणीघराशेजारी काठोकाठ भरलेलं निळं पिंप होतं. तांब्यावर तांब्या ओतला, गाणी म्हटली, वर दोन शर्ट धुतले. पिंप रिकामं झालं तेव्हाच थांबलो.

मावशी परतल्या. आधी पिंपात डोकावल्या, मग माझ्या ओल्या केसांकडे बघितलं.

“काय केलंत हे? पिन्याचं पानी व्हतं ते, उद्याच्या पाव्हन्यांसाठी!”

“संध्याकाळी नळ येईल ना?” मी विचारलं.

“नळ कालच येऊन गेला. आता पुढच्या गुरवारी!”

हे ऐकून मला घाम फुटला, आणि तो धुवायचीही आता सोय नव्हती. मावशी उंबऱ्यावर बसल्या. “लेकीच्या सासरचे दारात आले अन् त्यांना घोटभर पानी नाय, तर लेकीला काय काय ऐकवतील!” त्यांचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जारवाल्याकडे धावलो. लग्नसराई होती, त्याचे सगळे जार आधीच बोललेले. मग कळशी उचलली आणि गल्लीत दारोदार हिंडलो. बातमी माझ्या आधीच पोचली होती. शेजारचे रिक्षावाले सलीमभाई म्हणाले, “क्या साहब, पूरा पीप नहा लिए? हौले हैं क्या (वेडे आहात का)?” आणि स्वतःच्या टाकीतून दोन हंडे काढून दिले. समोरच्या शाळेतल्या बाईंनी कळशी भरून देताना पाणीबचतीवर अख्खा तास घेतला. कोपऱ्यावरच्या आजी कपाळावर हात मारून म्हणाल्या, “लई येडं हाय रे लेकरू!” साठीतल्या माणसाला लेकरू! आईनंतर मला असं कोणी रागावलं नव्हतं. प्रत्येकाने आठवड्याचं मोजून ठेवलेलं पाणी दिलं, शिव्या मात्र न मोजता दिल्या. दिवेलागणीला पिंप भरलं.

नामकरणात मला पाणी वाढायला उभं केलं. व्याह्यांनी माझी चौकशी केली. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घातली.

मावशी म्हणाल्या, “हे आमचे पुन्याचे. सगळं पानी यांनीच भरलं.”

दोन दिवसांसाठी आलेला मी गुरुवारपर्यंत राहिलो. नळ आला तेव्हा घरोघरी पाईप धरला, आणि तोही चुकीचा धरतो म्हणून चार जणांचं ऐकून घेतलं. वेरूळ राहून गेलं. इतकी शतकं थांबलेली लेणी अजून थोडी थांबतील.

पुण्यात माझ्या नळाला हवं तेव्हा पाणी येतं. पुढच्या गुरुवारी सकाळी मी एकटाच चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात मावशींचा फोन आला.

“नळ आलाय! कुठं ऱ्हायलात?”

“पुण्यात आहे, मावशी.”

“अवो, तिथं काय करायलाव?”