आपटून दाखवलेली डिस्क

फायली साठवून रोज पिशवीतून न्यायला दणकट एसएसडी डिस्क हवी, म्हटल्यावर दुकानदाराने रबरी कवचाची एक काढली आणि खुशाल फरशीवर आपटली. "बघा साहेब, काही होत नाही!"

असं आपटून दाखवणाऱ्यांचा मला पहिल्यापासून संशय येतो. जुनी हार्ड डिस्क निदान कुरकुरायची, बिघडली की कळायचं. ही पडली तरी गप्प, उचलली तरी गप्प.

"हिच्यात काय आहे?"

"काही नाही. नुसती दाखवायची आहे."

म्हणजे रिकामीच पडली होती. ज्यांच्याकडे गमावण्यासारखं काही नसतं, ती माणसंही अशीच दणकट दिसतात.

तरी मी तसलीच नवी घेतली. लॅपटॉप सोबत होता, म्हणून बाबांचं रेकॉर्डिंग तिथेच तिच्यात उतरवलं. घशाच्या ऑपरेशननंतर बाबांना बोलता येत नाही, मी दुकानदाराला सांगितलं; त्याआधीच्या गप्पा तेवढ्या उरल्यात. नीट उतरल्या का बघायला त्यातली एक फाइल लावली.

"अरे, हे चालू आहे ना?" बाबांनी दुकानभर विचारलं.

"आता आपटा," मी दुकानदाराला म्हणालो.

तो हसला नाही. त्याने डिस्क दोन्ही हातांनी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि हळूच म्हणाला, "जपून न्या."