अजबखान्यातलं बारसं

नाथाजी पलटणीतून लंगडत परतला, तेव्हा लालासाहेबांनी त्याला आपल्या संग्रहालयावर राखणीला ठेवला. लालासाहेब संग्रहालय म्हणत. कराडकर अजबखाना म्हणत. घर त्यांच्या खापरपणजोबांचं. पुढचं दालन लोकांना पाहायला खुलं, मागं कुटुंब राहतं. घरात कार्य निघालं की मात्र ही हद्द पुसली जाई. लग्नात तलवारी काचेबाहेर येत, आणि बघायला आलेले लोक वस्तूंइतकंच घरच्यांनाही न्याहाळून जात.

दालनाच्या मधोमध तुळईला पाळणा टांगलेला होता. खापरपणजोबा यात निजले, असं नाथाजी प्रत्येकाला सांगे. रिकामा पाळणा हलवू नये, हेही सांगे. मग प्रत्येक जण तो हलवून बघे.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात लालासाहेबांच्या सुनेला, चारुलताला, मुलगा झाला. आधीची दोन राहिली नव्हती. लालासाहेबांच्या मातोश्री सुलाबाईंनी ठरवून टाकलं: बारसं त्याच पाळण्यात, आणि चार लोकांदेखत.

 पण रोज झाडताना नाथाजीला पाळण्याखाली पिवळा भुसा सापडत होता. तुळई आतून पोखरली जात होती.

"सरकार, वरची तुळई जरा थकलीया."

"थकायला ती काय पेन्शनर आहे?" लालासाहेब म्हणाले. "दीडशे वर्षं जागची हलली नाही."

"पर लेकराला त्यात..."

"बारशाच्या घरात असलं बोलतात?"

तिथंच सगळं अडलं. वास्तू तथास्तु म्हणते, त्यामुळे जे घडू नये ते बोलायची सोय नव्हती. रात्रीच्या भाकरीला नाथाजीची बायको बनुबाई म्हणाली, "आवं, तुमी पडंल म्हनला आन् पडला, तर तुमीच पाडला म्हनतील. न्हाई पडला, तर अभद्र बोलला म्हनून हाकलतील. राहती खोली बी जाईल. लय शानपना करू नगा."

"आन् गप बसलो आन् पडला तर?"

बनुबाईनं चुलीत फुंकर घातली.

बारशाला बायका दालनात आणि पुरुष बाहेर. नाथाजी उंबऱ्याशी उभा. रिवाजाप्रमाणे आधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्यात निजवायचा. तो आणायचं काम बनुबाईचं. तिनं घरातला सगळ्यांत जड वरवंटा आणला, दोन्ही हातांनी.

"बाई गं, काय गुटगुटीत बाळ!" एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. बनुबाई हसली नाही.

झोका दिला. कडी करकरली. पाळणा टिकला. फक्त वरवंट्याच्या टोपड्यावर चिमूटभर भुसा पडला. "जुनं घर आहे, धूळ असायचीच," म्हणत सुलाबाईंनी तो पदरानं झटकला.

आता खरं बाळ. एकीनं पाळण्याखालून दिलं, दुसरीनं वरून घेतलं, पुन्हा खालून, पुन्हा वरून. नाथाजीची नजर कडीवर. वरवंटा पेलला, म्हणजे बाळ पेलेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. मग वाटलं, वरवंट्यानं होतं नव्हतं ते बळ खाल्लं असलं तर? चारुलता बाळाला आत ठेवायला वाकली.

"वैनीसाब, ठिवू नगा! पडंल!"



"जळली तुझी जीभ!" सुलाबाई कडाडल्या. "दोन गेली ती पुरली नाहीत का रे तुला?"

चारुलतानं बाळ केव्हाच छातीशी घेतलं होतं. तिनं एकदा वर तुळईकडं पाहिलं आणि खाली बसली. "नाव माझ्या मांडीवर ठेवा."

सुलाबाईंनीही हरकत घेतली नाही. ज्याच्याविषयी असं बोललं गेलं, त्या पाळण्याला आता कोण हात लावणार? बाळाचं नाव अनंत ठेवलं.

संध्याकाळी लालासाहेबांनी नाथाजीला बोलावलं. "तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. आईसाहेबांना कळत नाही. आणि घरात त्यांचं चालतं."

नाथाजी बायकोच्या माहेरी इस्लामपूरला गेला आणि गुऱ्हाळावर कामाला लागला. कराडकडून कुणी आलं की विचारायचा, "पोर बरं हाय न्हवं?" पोर रांगायला लागलं होतं. मग आवाज उतरवून, "आन् पाळणा?"

"हाय की. लोक झोकं देत्यात."

एकदा बनुबाई वैतागून म्हणाली, "तुमाला त्यो पडाया पायजे का?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला. पण एवढं म्हणायला त्याला जरा वेळच लागला.